मियाटाला 225 चे टायर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

नमनाला घडाभर तेल न घालता निकाल आधीच सांगते. माझ्या 1999 च्या माझदा मियाटावर (दोन सीटची, छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार) मी 15 बाय 8 इंची रिम आणि 225/45 आर15 टायर बसवले (रुंदी 225 मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या 45 टक्के उंच, रिम 15 इंची). कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर गाडी पार बदलून गेली. थंडीत आणि पावसात मात्र हीच रुंदी नडते. म्हणून आता चाकांचे दोन जोड ठेवलेत: एप्रिल ते ऑक्टोबर रुंद आणि पावसाळ्याचे महिने (इथे कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो) कंपनीचे मूळचे. ज्यांना एकच जोड परवडणार आहे किंवा ठेवायला जागा नाही, त्यांनी 225 च्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

गाडीबद्दल थोडं. दुसऱ्या पिढीची मियाटा, 1.8 लिटर इंजिन, 140 हॉर्सपॉवर, वजन साधारण साडेदहा क्विंटल, ताकद मागच्या चाकांना. मी सॅन होजेला राहते. कॅलिफोर्नियात स्मॉग चाचणीचे, म्हणजे धुराच्या तपासणीचे, नियम कडक असल्यामुळे इंजिनाला हात लावलेला नाही. बाकी उंची बदलता येणारं कॉइलओव्हर सस्पेन्शन, वळणात गाडीचं कलणं कमी करणारा पुढचा जाड अँटी-रोल बार, गाडी उलटलीच तर डोकं वाचवणारा मागचा रोल बार आणि चांगले ब्रेक पॅड एवढं काम झालेलं आहे. 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हापासून तिची सगळी जादू हलकेपणात आहे. त्यामुळे तिच्यावर काहीही चढवायचं तर आधी विचारावं लागतं, की ह्याचं वजन किती आणि त्या वजनाच्या बदल्यात मिळणार काय.

मूळचं चाक 15 बाय 6, ऑफसेट 40, टायर 195/50 आर15. नवीन चाक 15 बाय 8, ऑफसेट 36. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो गाडीचा भाग) टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते माप. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय कुणी रिम घेऊ नये. मूळच्या रिमची आतली कड हबच्या पृष्ठभागापासून 116 मिमी आत आणि बाहेरची 36 मिमी बाहेर होती. नव्या रिमची 138 आत आणि 66 बाहेर. म्हणजे आत शॉक ॲब्सॉर्बरच्या बाजूला 21 ते 22 मिमी आणि मडगार्डच्या बाजूला 29 ते 30 मिमी जागा जास्त लागते. टायरचा व्यास 576 वरून 583.5 मिमी झाला, सव्वा टक्क्याने मोठा. स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवतो आणि गिअर तेवढेच लांब होतात, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते, पण ओढ कमी होते. 140 हॉर्सपॉवरच्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये चढावर हे लांब झालेलं गिअरिंग मला जाणवतं.

मियाटावाल्यांची आवडती जोडी खरं तर 15 बाय 9 रिम आणि 225 टायर ही आहे. ट्रॅकवर ती खूप लोक वर्षानुवर्षं वापरतात आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही. पण ह्या मापाच्या टायरला बहुतेक कंपन्या 7 ते 8.5 इंच रुंदीची रिम मान्य करतात. रोजच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत मला त्या मर्यादेच्या आत राहायचं होतं. शिवाय 9 इंची रिम मूळच्यापेक्षा 42 मिमी बाहेर येते. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम 27600 प्रमाणे मडगार्ड निदान टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याएवढं रुंद असावं लागतं. 8 इंची रिमवर टायर मडगार्डच्या बरोबर आत बसतो. गाडी दिसतेही नीटस. बाहेर काढलेली चाकं मला आवडत नाहीत, ही माझी आवड.

बसवताना खरा वेळ मागच्या मडगार्डने खाल्ला. त्याच्या आत पत्र्याची एक कड आडवी दुमडलेली असते. सस्पेन्शन पूर्ण दबलं की ती नेमकी टायरच्या खांद्यावर येते. ही कड वर दाबून सपाट करायला एक रोलर मिळतो. तो चाकाच्या जागी हबला बोल्टने बसवायचा, मडगार्डचा पत्रा हॉट एअर गनने गरम करायचा आणि रोलर पुढेमागे फिरवत दर खेपेला किंचित दाब वाढवायचा. रंग हाताला चांगला गरम लागला पाहिजे. थंड पत्र्यावर घाई केली तर रंगाला केसासारख्या चिरा जातात आणि पुढे तिथूनच गंज धरतो. मागच्या बंपरचा जो कान मडगार्डच्या आत येऊन स्क्रूने बसतो, तोही पाहून घ्यावा. टायर तिथेही लागतो.

जागा उरते की नाही हे नुसतं उभ्या गाडीकडे बघून कळत नाही. मी एकेका कोपऱ्याची स्प्रिंग काढली, खालच्या आर्मला जॅक लावून चाक बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन पूर्ण दबलं की जो रबरी अडसर लागतो तिथपर्यंत) वर नेलं आणि पुढचं चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. मडगार्डच्या आत मास्किंग टेप लावून तिच्यावर खडू फासला होता. जिथे खडू पुसला गेला तिथे टायर लागतो. पुढे फक्त प्लास्टिकच्या लायनरला, पूर्ण वळवल्यावर घासत होता. लायनर गरम करून आत ढकलला आणि काम झालं. गाडीची उंची हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत 13 इंच ठेवली आहे. ह्याहून खाली नेली तर हे सगळं परत करावं लागेल.

किरकोळ पण महत्त्वाच्या गोष्टी अशा. हबचा व्यास 54.1 मिमी आहे. रिमचं भोक त्याहून मोठं असेल तर मधे बसणारी रिंग घ्या, नाहीतर फ्रीवेवर स्टेअरिंग थरथरतं. नट 12 मिमीचे, 1.5 पिचचे आणि शंकूच्या आकाराचे लागतात. ते टॉर्क पान्याने, मी 100 न्यूटन-मीटरला आवळते आणि पन्नास-साठ मैल चालवून परत तपासते. एका दुकानात बॅलन्सिंगनंतर इम्पॅक्ट गनने नट इतके आवळून दिले, की घरी सोडवताना लांब दांड्यावर उभं राहावं लागलं. तेव्हापासून चाकं मी सुटी घेऊन जाते आणि घरी स्वतः बसवते.

आता मुख्य मुद्दा. टायर रुंद केला की जमिनीला जास्त रबर टेकतं, अशी सर्रास समजूत आहे. माझ्या गाडीत ड्रायव्हरसकट एका चाकावर साधारण 280 किलो भार येतो. टायरमध्ये 28 पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास 2 किलो. भागून पाहा: टायरचा जमिनीला टेकणारा ठसा साधारण 140 चौरस सेंटिमीटर, जेमतेम तळहाताएवढा. टायर 195 चा असो की 225 चा, हवा तेवढीच असेल तर हा आकडा फारसा हलत नाही. बदलतो तो ठशाचा आकार. लांबट ठसा आखूड आणि आडवा होतो. त्यामुळे वळणावर टायरला कमी तिरकं व्हावं लागतं आणि गाडी स्टेअरिंगच्या मागोमाग चटकन वळते. दुसरा फायदा उष्णतेचा. घर्षणाची उष्णता जास्त रबरात पसरते, त्यामुळे टायर उशिरा भाजतो. आणि रिम 8 इंची असल्यामुळे साइडवॉलला दोन्हीकडून नीट आधार मिळतो. माझ्या मते हा तिसरा फायदा सगळ्यात मोठा आहे, आणि त्याचं श्रेय टायरपेक्षा रिमला जातं.

उष्णतेची हीच बाब हलक्या गाडीत उलटी फिरते. रबर जास्त, गाडीचं वजन कमी, म्हणजे टायर तापायला वेळ लागणार. माझे टायर हँकूकचे व्हेंटस आरएस4, 200 ट्रेडवेअरचे. (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल त्याचा अंक. हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे 200 सारखे समजू नयेत.) हा टायर टिकाऊ आहे, पण मुळातच सावकाश तापणारा.

विलोजच्या थंडरहिल ट्रॅकवर, ऐन उन्हाळ्यात, हे टायर काय करतात ते कळतं. तिथलं दुसरं वळण डावीकडे लांबच लांब फिरत जातं आणि तेवढा वेळ गाडी उजव्या चाकांवर टेकून असते. जुन्या टायरवर तिथे पुढची चाकं बाहेर सरकायची आणि मी ॲक्सिलरेटर सोडून ती परत पकडत आणायची. आता गाडी वळणाला चिकटून राहते, आणि ॲक्सिलरेटर किंचित कमी केला की नाक तेवढंच आत येतं. ब्रेकही उशिरा आणि जोरात मारता येतो. माझ्या गाडीला एबीएस नाही, पूर्वी पुढचं चाक फार लवकर लॉक व्हायचं. त्याचा खर्च ब्रेकवर पडतो. पॅड आणि ब्रेक ऑइल आता जास्त तापतात, म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल बदलते. गार असताना 25 पीएसआय भरते, चालवून आल्यावर 29 च्या आसपास मिळते. सुईच्या थर्मामीटरने पुढचा उजवा टायर मोजला तर आतल्या कडेला 78, मधे 73 आणि बाहेर 70 अंश सेल्सिअस. पुढे-मागे 2 अंश निगेटिव्ह कॅम्बर आहे (चाकाची वरची बाजू तेवढी आत कललेली), पुढे टो शून्य (चाकं सरळ पुढे तोंड करून) आणि मागे अगदी थोडा टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत). ह्या तीन आकड्यांवरून कॅम्बर पुरेसा आहे हे कळतं. आतला आकडा ह्याहून बराच चढा आला असता तर कॅम्बर कमी केला असता. अलाइनमेंटशिवाय रुंद टायर म्हणजे निम्मे पैसे पाण्यात.

डोंगरातल्या रस्त्यांवर हिशेब वेगळा. सॅराटोगाहून हायवे 9 ने वर चढून स्कायलाइनला, म्हणजे हायवे 35 ला लागायचं, हा माझा नेहमीचा रस्ता. कायद्याच्या वेगात, मोकळ्या रस्त्यावरही ह्या टायरची सीमा दिसत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे चांगलंच. पण अरुंद टायरवर गाडी कमी वेगातही बोलायची, मागचं चाक कधी सुटायला लागलंय ते कमरेला कळायचं. ते बोलणं आता कमी झालंय आणि मला त्याची चुटपुट लागते. वर रेडवूडची झाडं धुकं पकडतात आणि त्याचे थेंब खाली रस्त्यावर गळतात, भर उन्हाळ्यातही. उन्हातला रस्ता कोरडाठाक आणि पुढच्या वळणावर सावलीत ओला. अशा जागी न तापलेला 225 चा टायर अचानक पकड सोडतो.

पावसात तर सरळ धोका. आडव्या, आखूड ठशाला पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही. शिवाय ह्या टायरच्या खाचा कमी आणि उथळ. जानेवारीतल्या एका मोठ्या पावसात फ्रीवेवर ताशी साठ मैलांच्या वेगाला स्टेअरिंग हलकं झाल्याचं हाताला स्पष्ट कळलं, उजव्या लेनमध्ये येऊन वेग पंचेचाळीस मैलांवर आणला. त्याच आठवड्यात जुनी चाकं परत चढवली. त्याच रस्त्यावर, तशाच पावसात साध्या 195 वर गाडी निश्चिंत चालते. कॅलिफोर्नियात खाचेची कायदेशीर मर्यादा 1/32 इंच आहे, पण असल्या टायरवर तिथपर्यंत थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. खाच 4/32 वर आली की मी टायर पावसात वापरणं बंद करते.

रोजच्या कटकटीही सांगायला हव्यात. इथल्या फ्रीवेंवर काँक्रीटमध्ये लांबीच्या दिशेने बारीक खाचा कोरलेल्या असतात. रुंद टायर त्या खाचांच्या मागे जातो आणि गाडी लेनमध्ये सतत डावी-उजवीकडे हुंगत चालल्यासारखी होते. दोन्ही हात स्टेअरिंगवरच ठेवावे लागतात. पार्किंगमध्ये स्टेअरिंग जड झालंय. तापलेलं रबर बारीक खडी उचलून दाराखालच्या पट्टीवर मारतं. तिथे मी पारदर्शक फिल्म लावून घेतली. आवाज वाढलाय, पण छत उघडं असताना त्याचं मला काही वाटत नाही. आणि वजन: रिम मूळच्यापेक्षा हलकी असूनही टायरसकट चाक घरच्या काट्यावर दीड किलोने जास्त भरलं. हलकी रिम घेतली म्हणून चाक हलकं झालं असं धरून चालू नका, टायरही काट्यावर ठेवा.

पुण्याहून मावसभावाचा दर दोन-तीन महिन्यांनी फोन येतो: "ताई, माझ्या पोलोला पण रुंद टायर टाकू का?" त्याच्या गाडीला 185/60 आर15 आहेत, साइडवॉल 111 मिमी. माझं त्याला सांगणं एकच: रुंदी एक पायरी वाढवायची असेल तर वाढव, पण साइडवॉलची उंची कमी करू नकोस, आणि रिमचा इंच वाढवून बारीक टायर तर मुळीच घालू नकोस. खड्ड्यात रिम वाकायला आणि साइडवॉलला फुगा यायला एकच आपट पुरते. जूनमध्ये ताम्हिणीच्या घाटात जायचं असेल तर टायर निवडताना आधी पावसातली पकड बघ. त्याच पैशात चांगल्या कंपनीचे, पाण्यात धरणारे, मूळच्या मापाचे टायर आणि एक नीट अलाइनमेंट येते.

हा जोड झिजला की मी ह्याच 8 इंची रिमवर 205/50 आर15 घालणार आहे. व्यास 586 मिमी, म्हणजे जवळपास तोच. टायर हलका, लवकर तापणारा, आणि रिमचा आधार आहे तसाच राहील. थंडरहिलला दुसऱ्या वळणात थोडा वेग जाईल हे ठाऊक आहे. पण ट्रॅकवर माझं जाणं क्वचित, आणि स्कायलाइनवर जवळजवळ दर रविवारी.