फोर्क उघडला, पुसला आणि शेवटी बदलला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सायकलला नवा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा भाग) लावून आठ महिने झाले, साधारण १३० तासांचं रायडिंग झालं. लिहायला मुद्दाम उशीर केला. नवा फोर्क पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडतो. पैसे नुकतेच गेलेले असतात, वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

आधी जुन्याबद्दल. सायकलसोबतच आलेला, १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा), आत लोखंडी स्प्रिंग, वरच्या नळ्या म्हणजे स्टँचियन ३० मिमीच्या. एका बाजूला प्रीलोडचं बटण, दुसऱ्या बाजूला लॉकआउट, म्हणजे फोर्कचं दबणं बंद करणारं. रिबाउंडचं, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येईल ते ठरवणारं, बटण नाही. कागदावर ठीकठाक, पण मुळं आणि सुटे दगड असलेल्या उतारावर हँडल असं धडधडायचं, की खाली पोचल्यावर बोटं ब्रेकच्या लिव्हरवरून अक्षरशः सोडवून घ्यावी लागत.

मोजल्याशिवाय शिव्या घालायच्या नाहीत म्हणून स्टँचियनला एक झिप टाय बांधला. पूर्ण सामानासह सायकलवर बसलो, हळूच उतरलो आणि पट्टी लावली: सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने फोर्क दबतो ते अंतर, ८ मिमी. म्हणजे ट्रॅव्हलच्या ८ टक्के, आणि ट्रेलवर चालवायचं तर २० टक्क्यांच्या आसपास हवा. मग नेहमीचा सर्वांत खडबडीत उतार उतरून आलो, तर झिप टाय ६२ मिमीवर. बाकीचे ३८ मिमी मी दोन वर्षं नुसतेच वाहून नेत होतो. प्रीलोड पूर्ण सोडून पाहिला, फरक जेमतेम. प्रीलोडने स्प्रिंग मऊ होत नाही, ती आधीच किती दाबून ठेवायची एवढंच ठरतं. माझं वजन ६८ किलो आणि स्प्रिंग बहुधा माझ्याहून बऱ्याच वजनदार माणसासाठी होती.

त्याआधी एकदा फोर्क सर्व्हिसला दिला होता. परत आला तेव्हा स्टँचियनवर तेल चोपडलेलं, नुसता चकचकाट. दोन दिवस मऊ वाटला, मग त्या तेलाला धूळ चिकटली आणि सीलखाली गेली. सर्व्हिस झाली असं मानून मी आणखी सहा महिने तसाच चालवला, ही चूक माझीच.

मग एका रविवारी स्वतःच उघडला. खालचे दोन बोल्ट थोडे सैल करायचे, त्यांच्यावर रबरी हातोडीने हलके टोले द्यायचे, बोल्ट काढायचे आणि खालचा भाग ओढायचा. माझा खालचा भाग येईचना. पाचव्या-सहाव्या ओढीला ‘फच्’ आवाज करून सुटला आणि जमिनीवर चमचाभर तपकिरी पाणी सांडलं. तेलाचा थेंब नाही. सीलखालच्या फोमच्या रिंगा, ज्या तेलाने भिजलेल्या असायला हव्यात, त्या वाळलेल्या पावासारख्या कडक. बुशिंगवर, म्हणजे नळ्या ज्यांत सरकतात त्या कड्यांवर, राखाडी लगदा. स्प्रिंगच्या खालच्या चार वेढ्यांवर गंज.

सगळं पुसलं, फोम धुऊन तेलात भिजवला, सीलच्या ओठांना सस्पेन्शनचं ग्रीस लावलं (चेनचं किंवा बेअरिंगचं नव्हे, ते घट्ट पडतं), जोडणी केली. हाताने दाबून बघितल्यावर विश्वास बसेना. नुसत्या तळव्याने खाली जात होता. लगेच निष्कर्ष काढला की नव्याची गरजच नाही. मित्रालाही तसं सांगून टाकलं, त्याने अजून तो विषय सोडलेला नाही.

कारण पुढच्याच राइडला गंमत झाली. लहान खडे, बारीक खरखर यावर फोर्क खरंच सुधारला होता. पण गुडघ्याएवढ्या पायरीवरून उतरलो की तो खाली जायचा आणि तितक्याच जोरात परत उसळायचा. पुढचं चाक हवेत, आणि वळण तर समोर आलेलं. आधी हे होत नव्हतं. दोन-तीन राइड डोकं खाजवल्यावर उलगडलं: आत डॅम्पिंग (दबण्या-उसळण्याला आवर घालणं) नावाची गोष्ट जवळजवळ नव्हतीच. चिखल, गंज आणि कोरडं सील यांचं घर्षण इतके दिवस डॅम्परचं काम करत होतं. मी घर्षण काढलं आणि त्याबरोबर फोर्कला असलेला एकुलता एक लगामही काढला.

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नवा आणायचा विचार असला तरी जुना एकदा उघडून साफ करा. वेळ सोडून फारसा खर्च नाही, आणि नेमकं काय बिघडलंय ते त्यानंतरच दिसतं. साफ केल्यावर फोर्क नीट चालला, तर पैसे वाचले. साफ केल्यावर मऊ झाला पण उसळू लागला, तर दोष रचनेतच आहे आणि ग्रीसने तो जाणार नाही. एका हाताने पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली आणि नळी जिथे आत शिरते तिथे बोटांना खटखट लागली, तर बुशिंग गेलेत. स्वस्त फोर्कमध्ये ते बदलत बसण्यात अर्थ नाही.

मधला मार्गही पाहिला. मऊ स्प्रिंग मिळाली, बसवली, सॅग १९ मिमीवर आला. उसळी तशीच राहिली. रिबाउंड असलेला डॅम्पर आत टाकता येतो का ते शोधलं. काही फोर्कमध्ये थोरल्या भावंडाचं, म्हणजे वरच्या मॉडेलचं, कार्ट्रिज (डॅम्परचा तयार संच) बसतं, माझ्यात जागाच नव्हती. सरळ रिजिड म्हणजे न दबणारा फोर्क लावून जाड टायर घालावा हाही विचार केला, तोही चेष्टेत नाही. पक्क्या रस्त्यावर आणि सपाट मातीवर चालवणाऱ्यासाठी तो वाईट सस्पेन्शनपेक्षा हलका, सरळ आणि बिनकटकटीचा पर्याय आहे. माझे उतार बघता मनगटांनी नकार दिला.

आता नवा घ्यायचा, तर काय बसेल? ही निवड आपण करत नाही, फ्रेम करते. हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची पुढची नळी, व्हर्नियरने मोजली, आतून वर-खाली सारखीच ३४ मिमी. म्हणजे स्टिअरर (त्या नळीतून वर जाणारी फोर्कची दांडी) सरळ, २८.६ मिमीचाच हवा. हल्लीचे बहुतेक चांगले फोर्क टेपर्ड (खाली रुंद होत जाणाऱ्या) स्टिअररचे, खाली दीड इंच. ते या फ्रेममध्ये शिरणारच नाहीत. ४४ मिमीची हेडट्यूब असती तर बाहेरचा खालचा कप लावून जमलं असतं. पुढचा हब (चाकाचा मधला भाग) ९ मिमी क्विक रिलीजचा, १०० मिमी रुंद. बूस्ट म्हणजे ११० मिमीचा फोर्क घेतला असता तर हब किंवा अख्खं चाक बदलावं लागलं असतं. यादीतले दोन तृतीयांश फोर्क इथेच गळाले. उरलेल्यांत फार डोकं चालवावं लागलं नाही: हवेचा (लोखंडी स्प्रिंगऐवजी आत हवा), १०० मिमीचा, सरळ स्टिअरर, ९ मिमी एक्सल, रिबाउंडचं बटण असलेला. वजन २.१ किलो, जुना २.७ भरला होता.

१२० मिमीचा घेण्याचा मोह झाला होता. त्यासोबत फोर्कची लांबीही साधारण २० मिमीने वाढते, हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) जवळपास एक अंशाने मोकळा, म्हणजे जास्त कललेला होतो, पॅडलचा मधला भाग उचलला जातो आणि हेडट्यूबवर ताण वाढतो. माझ्या फ्रेमला कंपनीने १०० मिमीचीच मर्यादा दिली होती. एक्सलपासून क्राउनपर्यंत (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंत) जुना ४९१ मिमी भरला, नवा ४८९. विकत घेण्याआधी हा एक आकडा नक्की जुळवा. ट्रॅव्हल सारखा असूनही ही लांबी वेगळी निघू शकते.

बसवताना क्राउन रेस (बेअरिंग जिच्यावर बसतं ती कडी) जुन्यावरून काढायला अर्धा तास गेला. स्टिअरर कापण्याआधी तीनदा मोजला आणि तरी एक स्पेसर (हँडलखाली घालायची कडी) जास्तीचा ठेवला. कापलेला स्टिअरर परत वाढत नाही.

हवा भरण्यात पहिले तीन आठवडे घोळ घातला. फोर्कच्या पायावर छापलेल्या तक्त्यात माझ्या वजनाला ९० पीएसआय होतं, त्यावर सॅग १६ मिमी. ८२ वर आणल्यावर २१, आणि तिथेच राहिलो. हवा भरल्यावर फोर्क पाच-सहा वेळा हळूहळू दाबायचा असतो, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यातली हवा समान होते. मी ते करत नव्हतो आणि दर वेळी सॅग वेगळा येत होता. दुसरी गोष्ट, शॉक पंप जोडला की थोडी हवा त्याच्या नळीत जाते आणि आकडा कमी दिसतो. मला वाटायचं फोर्क गळतोय. रोज पंप लावून बघायचो, रोज थोडी हवा घालवायचो आणि रोज काळजी करायचो. आता महिन्यातून एकदा बघतो.

रिबाउंड मात्र पहिल्याच दिवशी कळला. पायरीवरून उतरलो, फोर्क खाली गेला, वर आला आणि थांबला. बस. इतकी साधी गोष्ट, पण त्यामुळे पुढच्या वळणाला चाक जमिनीवर होतं. सुरुवातीला फार हळू ठेवला होता, तेव्हा ओळीने आलेल्या मुळांवर फोर्कला परत उघडायला वेळच मिळत नसे. प्रत्येक मुळागणिक तो आणखी खाली बसायचा आणि शेवटच्या मुळावर कडक लागायचा. दोन क्लिक वेगवान केल्यावर ते गेलं.

तक्रारीही आहेत. जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं, आधीच्या कडक स्प्रिंगला हे होत नव्हतं. आतमध्ये एक टोकन (हवेची जागा कमी करणारा तुकडा) टाकल्यावर शेवटचा भाग जड झाला आणि पूर्ण आपटणं थांबलं, पण ब्रेकिंगचं झुकणं फार कमी झालं नाही. ९ मिमी एक्सलचा लवचिकपणा तसाच आहे. खडबडीत वळणात जोर दिला की डिस्क ब्रेकच्या पॅडला घासून ‘शिंग शिंग’ करते. त्यासाठी १५ मिमी एक्सल हवा होता आणि मग तो हब, ते चाक... एकदा ती साखळी सुरू झाली की शेवटी जुनी राहते ती फक्त घंटी. लॉकआउट आठ महिन्यांत चार वेळा वापरला असेल.

आणि देखभाल. पुस्तिकेत लिहिलंय ५० तासांनी खालचा भाग काढून साफ करा, २०० तासांनी पूर्ण उघडा. ५० तासांना मी दुर्लक्ष करणार होतो, पण ४५च्या सुमारास बारीक खड्यांवर अडखळल्यासारखं वाटू लागलं. उघडल्यावर तेल काळं पडलेलं, फोम अर्धवट कोरडा. साफ केल्यावर पहिल्या दिवसासारखा. ज्यांना हे करायचंच नाही, त्यांनी हवेचा फोर्क घेऊन काय मिळवायचं मला कळत नाही. वर्षभरात तोही माझ्या जुन्यासारखाच होणार, फक्त महाग.

एक कबुली द्यायची राहिली. या सगळ्या उद्योगात मी टायरचा दाबही ४० वरून २८ पीएसआयवर आणला. २६ केला तेव्हा दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडली, म्हणून २८. हाताला येणाऱ्या मुंग्या कमी झाल्या त्यात टायरचा वाटा मोठा आहे, आणि तो बदल फुकट होता. मी दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात केल्या, त्यामुळे श्रेय नेमकं वाटता येत नाही. पण पायरीवरची ती उसळी टायरने गेली नसती.

फोर्कची किंमत तेव्हाच्या माझ्या सायकलच्या किमतीच्या जवळपास निम्मी पडली. फ्रेम मला बरोबर बसते, चाकं नवी होती, म्हणून केलं. गिअर आणि चाकंही बदलायला झाली असती, तर फोर्कला हात न लावता सगळी सायकलच बदलली असती.

जुना फोर्क साफ करून, मऊ स्प्रिंगसकट, शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला दिला. तो पक्क्या रस्त्यावरच चालवतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, मस्त आहे हो, तुम्ही का काढलात?” मी त्याला ५० तासांचं सांगितलं. त्याने मान डोलावली, पण उघडेल असं वाटत नाही.