मुलांच्या अंगी चिकाटी आणि धीर यायला काय बरं: लांब पल्ल्याचं धावणं की क्लाइंबिंग, म्हणजे दोर बांधून भिंत किंवा कडा चढणं?

धावायला चांगले बूट आणि मोकळा रस्ता पुरतो. फळ मात्र उशिरा मिळतं. न थांबता 5 किलोमीटर पळायला नवख्याला बहुधा दोनेक महिने लागतात, आणि रोज उठायचं ते स्वतःच्याच जोरावर.

क्लाइंबिंगमध्ये भीती थेट समोर येते. हात भरून आलेले, पुढची पकड बोटभर लांब, खाली दोर सांभाळणारा जोडीदार. त्याच्या भरवशावर हात सोडायचे, लोंबकळायचं, मग तोच टप्पा दुसरा पाय आधी टाकून बघायचा. डोकंही शरीराइतकंच दमतं. मात्र जाणता प्रशिक्षक आणि तपासलेला हार्नेस (कमरेला बांधायचा सुरक्षा पट्टा) हवाच, तिथे तडजोड नाही.

आरंभशूर मुलाला मी धावायला सुचवेन. चुकायला घाबरणाऱ्या, अबोल मुलांसाठी मला क्लाइंबिंगच जास्त मोलाचं वाटतं.