नऊ महिन्यांच्या वापरानंतर: संगणक उत्तम, पण न मागता आलेला मेसेंजर

गेल्या पाडव्याला सांगलीतल्याच एका दुकानातून घरासाठी जुना, पण तपासून विकलेला डेस्कटॉप घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज ११ एवढे सांगितले की जाणकारांना बाकीचे कळते. पतसंस्थेतून निवृत्त झाल्यावर मी हळदीच्या दोन अडत दुकानांचे हिशेब घरी बसून लिहितो, आणि त्या कामात या यंत्राने नऊ महिन्यांत एकदाही दगा दिलेला नाही. तरीही हा अनुभव लिहावासा वाटला, तो संगणकाबद्दल कमी आणि त्यात आधीपासून भरून आलेल्या एका गप्पांच्या प्रोग्रामबद्दल अधिक आहे. प्रोग्रामचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही; हा त्रास कोणत्याही मेसेंजरचा होऊ शकतो.

संगणक सुरू केला की मिनिटभरात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात त्याची खिडकी उघडे आणि खाते तयार करण्याचा आग्रह करी. मला त्यावर खाते नको होते, कारण घरातल्या सर्वांशी बोलायला मोबाइल पुरेसा आहे. फुलीवर टिचकी मारली की खिडकी जाई. पण ती जाणे म्हणजे प्रोग्राम बंद होणे नव्हे, हे समजायला मला पंधरा दिवस लागले. घड्याळाशेजारच्या बाणावर टिचकी मारली तेव्हा आतल्या लहान चौकटीत त्याचे चिन्ह निवांत बसलेले दिसले. चिन्हावर राइट क्लिक करून ‘क्विट’ म्हटले, तर तेवढ्या दिवसापुरती सुटका होई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच आग्रह.

दुकानात फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, “काका, ते काढू नका, विंडोज करप्ट होतंय बघा. हवं तर फॉरमॅट मारून देतो, पाचशे होतील.” वॉरंटीची आठवण करून दिली, तर ती हार्डवेअरची आहे, सॉफ्टवेअरची नाही, असे उत्तर मिळाले. एक खिडकी बंद करण्यासाठी ५०० रुपये देणे माझ्या हिशेबात बसत नव्हते आणि आजही बसत नाही.

खरे तर हा रोग नवा नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा तिच्यासोबत विंडोज मेसेंजर येत असे, आणि प्रोग्राम काढण्याच्या यादीत त्याचे नावच दिसत नसे. विंडोजच्या ‘सिसॉक डॉट आयएनएफ’ या फाइलमधील मेसेंजरच्या ओळीत ‘हाइड’ असा शब्द होता. तेवढाच शब्द खोडून, स्वल्पविराम जागच्या जागी ठेवून फाइल जतन केली की नाव यादीत उगवे आणि मग ते काढता येई. पतसंस्थेतल्या संगणकांवर हे काम मी स्वतः केले होते. पुढे २००५ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने मेसेंजर विंडोजला जोडून देण्याबद्दल मायक्रोसॉफ्टला दंडही केला. तेव्हाच्या मानाने आताच्या विंडोजमध्ये सोय पुष्कळ बरी आहे, हे मान्य केले पाहिजे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘स्टार्टअप ॲप्स’ या भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते आणि प्रत्येकाचा सुरुवातीवर किती भार पडतो, तेही शेजारी लिहिलेले असते. आमच्या मेसेंजरपुढे ‘हाय’ असे होते. ते वाचून माझा संशय पक्का झाला की संगणक चालू व्हायला लागणारी पावणेदोन मिनिटे यानेच खाल्ली आहेत. त्याला तिथे ‘डिसेबल’ केले आणि आठवडाभर शांतता लाभली. मग त्याचे अपडेट आले आणि खिडकी पुन्हा हजर झाली. कारण असे की मी बाहेरून कडी लावली होती, पण प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमधील ‘संगणक सुरू होताच उघडा’ ही खूण तशीच राहिली होती आणि नव्या आवृत्तीने त्या खुणेनुसार यादीत आपली नवी नोंद करून घेतली. तेव्हा आधी आतली खूण काढावी आणि मग टास्क मॅनेजरकडे जावे.

येथपर्यंतचा मजकूर मी जूनमध्ये लिहून ठेवला होता, त्यात आता दोन दुरुस्त्या करणे भाग आहे.

पहिली दुरुस्ती माझ्याच आरोपाची. मेसेंजर बंद केल्यावर मी मनगटी घड्याळ समोर ठेवून वेळ मोजली, तर पावणेदोन मिनिटांतली जेमतेम दहा सेकंदे वाचली होती. चालू असतानाही तो ८ जीबीपैकी दीडशे एमबीच्या आसपास मेमरी घेत होता, म्हणजे शेकडा दोनसुद्धा नाही. संथपणाचे खरे कारण फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हे होते. विंडोजसाठी लहान एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवून घेतल्यापासून संगणक पंचवीस सेकंदांत तयार होतो. सहा महिने मी ज्याच्या नावाने बोटे मोडत होतो, तो आळसाच्या बाबतीत तरी जवळजवळ निर्दोष निघाला. आगंतुकपणाच्या बाबतीत मात्र नाही.

दुसरी दुरुस्ती जुलैच्या अखेरीची आहे. सांगलीकरांना त्या दिवसांत कृष्णेच्या पुराखेरीज दुसरे काही सुचत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. सौ.साठी मी जूनमध्ये याच संगणकावर विंडोजचे वेगळे खाते करून दिले होते आणि ती सकाळी त्यावरून पाणीपातळीचा तक्ता पाहत होती. तक्त्यात सर्वांत उजवीकडचा स्तंभ चालू पातळीचा. नेमक्या त्या स्तंभावर मेसेंजरची खिडकी येऊन बसली. “अहो, तुम्ही तर हे काढलं होतं ना?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण आठ दिवसांपूर्वी मी तो माझ्या खात्यातून रीतसर अनइन्स्टॉल केला होता.

उत्तर सेटिंग्जमधील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीत मिळाले. मी माझ्या खात्यातील प्रत काढली होती, पण थोडे खाली त्याच नावापुढे ‘इन्स्टॉलर’ असा शब्द जोडलेली दुसरी नोंद होती, आणि तिच्याकडे मी दुर्लक्ष केले होते. ही नोंद संपूर्ण संगणकासाठी असते. नव्या खात्यातून कोणी प्रथम आत आले की ती त्या व्यक्तीच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये मेसेंजरची ताजी प्रत टाकते. म्हणजे घरात चार खाती असतील तर चार प्रती, आणि एक काढून बाकीच्या जात नाहीत. त्यामुळे प्रथम ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून तो इन्स्टॉलर काढावा आणि नंतर प्रत्येक खात्यात जाऊन तिथली प्रत काढावी. इन्स्टॉलर तसाच राहिला तर पुढच्या नव्या खात्याबरोबर पाहुणा परत येतो. आणखी एक सांगतो: घाईने ते फोल्डरच हाताने पुसू नका. सौ.च्या खात्यात मी रागाच्या भरात तसे केले, तेव्हा अनइन्स्टॉल करणारी फाइलही त्यातच गेली आणि यादीत नुसते नाव उरले. ते घालवण्यासाठी प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून मग काढावा लागला, म्हणजे ज्याला हाकलायचे त्यालाच पानावर बसवून घेण्याची वेळ आली. विंडोज मात्र कुठेही करप्ट झाली नाही.

त्यानंतर विंडोजचे एक मोठे अपडेट येऊन गेले आणि दोन्ही खात्यांत कोपरा रिकामा आहे. फॉरमॅटचे ५०० रुपये वाचले, ते एसएसडीच्या खर्चात धरले. संगणकाला पाचपैकी चार तारे देतो. पाचवा राखून ठेवला आहे. आणखी दोन अपडेट अशीच शांततेत गेली तर तोही देईन.