स्मार्ट टीव्ही वायफायला जोडताना ₹८८,९८८ गेले, ओटीपी कुणालाही न सांगता

आधी आकडे सांगते, कारण "किती गेले हो?" हेच सगळे पहिल्यांदा विचारतात. ₹१,४९९, मग ₹४९,९९९, मग ₹२४,५०० आणि शेवटी ₹१२,९९०. एकूण ₹८८,९८८. टीव्ही घेतला होता ₹२७,४९०ला. ज्या कामासाठी हे पैसे गेले, त्या कामाला एक रुपयाही लागत नाही, हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

सोसायटीत हे सांगितल्यावर एक बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर अकाउंट्समध्ये होतात ना?" हो, होते. भोसरीच्या कारखान्यात अकाउंट्स सांभाळण्यातच माझी सगळी नोकरी झाली. केवायसी संपलंय, रात्री वीज तोडणार, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, हे सगळे फोन मला येऊन गेलेत आणि मी ते तिथल्या तिथे कापलेत. पण त्या प्रत्येक वेळी फोन त्यांचा आला होता. इथे फोन मी लावला. आपली सगळी सावधगिरी येणाऱ्या फोनसाठी असते. आपण स्वतः शोधून लावलेल्या नंबरवर संशय घ्यायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

दिवस पालख्या पुण्यात येण्याचा होता. सदाशिव पेठेतला वाडा पडेपर्यंत आमच्या सासूबाई दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर उभ्या राहून माउलींच्या आणि तुकोबांच्या पालखीचं दर्शन घ्यायच्या. आता आम्ही उपनगरात राहतो, त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून दर्शन टीव्हीवरच. जुना टीव्ही ऐन वेळी बंद पडला. केबल आम्ही कधीच काढून टाकली होती, घरात सगळं वायफायवर चालतं. नवा टीव्ही आदल्या संध्याकाळी आला, दुकानाच्या मुलाने तो भिंतीवर टांगला आणि "वायफाय तुम्ही जोडून घ्या" म्हणून तो निघून गेला.

वायफाय जोडलंच जाईना. टीव्हीच्या यादीत शेजाऱ्यांची नावं दिसत होती, आमचं नाव नव्हतं. माझ्या फोनवर मात्र तेच वायफाय व्यवस्थित चालू. राउटर बंद करून चालू केला, टीव्ही बंद करून चालू केला, काही नाही. दुकानात फोन केला तर म्हणाले, आज रस्ते बंद आहेत, माणूस परवा येईल. सासूबाई आंघोळ करून, हातात तुळशीची माळ घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या. अशा वेळी माणूस काय करतो? फोनवर शोधतो. टीव्हीच्या कंपनीचं नाव आणि पुढे "कस्टमर केअर नंबर" एवढं टाकलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर कंपनीचं नाव होतं, बोधचिन्ह होतं, खाली नंबर. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत "प्रायोजित" असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. हे वाचायला मला चष्मा लागतो, आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी ते चष्मा लावूनही वाचलेलं नसेल.

आता तो क्षण. तो मला अजून सोडत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज झाला, थोडं संगीत वाजलं, मग एक माणूस बोलायला आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, टीव्ही कौनसी कंपनी का है?"

मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केलाय आणि तो मलाच विचारतोय की टीव्ही कुठल्या कंपनीचा! तिथेच फोन ठेवायला हवा होता. तो प्रश्न मला खटकला, हे मी शपथेवर सांगते. पण हल्ली टीव्ही बसवायला येणारी मुलंही एकाच वेळी पाच कंपन्यांचं काम करतात आणि दारात उभं राहून हेच विचारतात, म्हणून मनात आलेली शंका मनातच विरली. पुढे त्याने मॉडेल नंबर विचारला नाही. टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर विचारला नाही. खरेदीची तारीख नाही, बिल नाही. खऱ्या कस्टमर केअरचं पान या माहितीशिवाय हलत नाही. ती न विचारता जो पुढे सरकतो तो चोर, एवढं तरी माझ्या ₹८८,९८८च्या बदल्यात लक्षात ठेवा.

त्याचं म्हणणं असं की टीव्ही सर्व्हरवर रजिस्टर झालेला नाही, म्हणून वायफाय पकडत नाही. वर्षाचं ॲक्टिव्हेशन ₹८९९, कायमचं ₹१,४९९. मी कायमचं म्हटलं आणि यूपीआयने भरले. पैसे पोचल्यावर तो म्हणाला, इंजिनियर तुमच्याशी बोलेल. मग साध्या मोबाइल नंबरवरून दुसऱ्याचा फोन आला. हा मोडकंतोडकं मराठी बोलत होता, "काकू, टेन्शन घेऊ नका" म्हणत होता. व्हॉट्सॲपवर त्याने टीव्ही सपोर्ट नावाची फाईल पाठवली. ती एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाईल. बसवताना फोनने परवानग्या मागितल्या, त्यात मेसेज वाचण्याची होती. तो सांगत गेला, मी दाबत गेले, कारण माझं लक्ष टीव्हीकडे होतं आणि सासूबाई विचारत होत्या की पालखी कुठवर आली. मग त्या ॲपमध्ये फॉर्म उघडला: पडताळणीसाठी ₹१०, डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. ते भरल्यावर पडदा काळा झाला आणि त्यावर आलं, अपडेट चालू आहे, फोनला हात लावू नका.

मेसेज वाचायची परवानगी मिळाली की तुमचा ओटीपी परस्पर त्याच्याकडे जातो. तुमच्या फोनवर तो दिसेलच असंही नाही. "ओटीपी कुणाला सांगू नका" ही सूचना मी पाळलीच होती. त्या सूचनेने काहीही वाचलं नाही, कारण आता सांगावं लागतच नाही.

कळलं ते असं की बँकेचे ईमेल ह्यांच्या फोनवर येतात. हे आतून ओरडले, "अगं, पन्नास हजारांचं काय घेतलंस?" मी ह्यांच्याच फोनवरून ४ वाजून २० मिनिटांनी बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड बंद करायला सांगितलं आणि तक्रार क्रमांक घेतला. ₹४९,९९९ आणि ₹२४,५०० तोवर गेले होते. ₹१२,९९० गेले ४ वाजून ३७ मिनिटांनी. म्हणजे कार्ड बंद करा असं सांगितल्यानंतर सतरा मिनिटांनी. या सतरा मिनिटांचा जाब मी अजून मागते आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी तो फोन विमान मोडवर टाका, नाहीतर सिम काढा, आणि दुसऱ्याच फोनवरून बोला. माझ्या फोनवरून बँकेला लावला असता तर काय झालं असतं कोण जाणे, तो फोन माझ्या हातात असून माझा राहिलेला नव्हता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवली. हे प्रत्येकाने करावं, आणि पहिल्या तासाभरातच करावं. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर तिथेच रोखता येतात. माझ्या ₹२४,५०० पैकी ₹११,२०० असे गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढे पळाले होते. हे गोठवलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत. माझ्या वेळी त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३खाली न्यायालयाचा आदेश लागत होता, आणि आदेशासाठी पोलिसांचा अहवाल लागत होता.

आणि पोलीस! आमच्या भागातल्या ठाण्यात गेले तर म्हणाले, हे सायबरचं आहे, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणाले, रक्कम लाखाच्या आतली आहे, तुमच्या ठाण्यातच होईल. पुन्हा ठाण्यात, तर साहेब पालखीच्या बंदोबस्तात. आयटी कायद्याच्या कलम ७८प्रमाणे असा तपास निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, म्हणून हवालदाराने कागदाला हातच लावला नाही. पालख्या हडपसरच्या पुढे गेल्या, साहेब आले, तर आता मीटिंग. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी ते कलम छापून नेलं होतं. समोरच्या माणसाने कागद न वाचता परत केला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही फाईल उघडलीतच कशाला?" माझ्या वयाच्या बाईला, शिपाई आणि इतर तक्रारदार ऐकत असताना. चोरी झालेल्या माणसाला तुम्ही दार का उघडलंत असं विचारता का? तो प्रश्न चोराला विचारायचा आहे, आणि चोराचा मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट सगळं मी प्लास्टिकच्या फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून दिलं होतं. आयटी कायद्याचं कलम ६६ड म्हणजे संगणक वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन केलेली फसवणूक. यात न बसणारं काय आहे माझ्या अर्जात? शेवटी गुन्हा नोंदवला गेला तो माझ्या पुतण्याच्या ओळखीच्या वकिलांनी फोन केल्यावर. ज्याच्याकडे वकील नाही, पुतण्या नाही, त्याने काय करायचं?

बँकेत याच्याहून वेगळं नव्हतं. शाखेतल्या अधिकाऱ्याचं एकच पालुपद: ओटीपी तुमच्या नंबरवर गेला, तो बरोबर टाकला गेला, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलात. मी विचारलं, मी केला हे सिद्ध कोणी करायचं? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं. शाखेत कुणी ते परिपत्रक पाहिलेलं दिसलं नाही. मी छापील प्रत टेबलावर ठेवली तर "आम्ही हेड ऑफिसला पाठवतो" म्हणाले. हेड ऑफिसकडून एका ओळीचं उत्तर आलं, तक्रार बंद केली आहे.

बंद केलेली तक्रार म्हणजे शेवट नाही. बँकेने नाकारली, किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. फी लागत नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मी गेले. हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक आणि ४:२०ची वेळ ह्यांच्या फोनच्या कॉल नोंदीत होती, ती जोडली. ₹१२,९९० परत आले. बाकीच्यावर भांडण चालू आहे. म्हणून सांगते, शाखेत तोंडी काही बोलू नका. अर्ज द्या, पोच घ्या, शिक्का आणि वेळ बघूनच खुर्चीवरून उठा.

आणि टीव्ही? आमच्या ब्रॉडबँडचा मुलगा रस्ते मोकळे झाल्यावर आला. त्याने राउटरच्या सेटिंगमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "काकू, तुमचा टीव्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला आहे आणि राउटरवर कुणीतरी ५ एवढंच चालू ठेवलंय." स्वस्तातले बरेच टीव्ही ५ गिगाहर्ट्झ पकडत नाहीत, म्हणून ते नाव त्यांना दिसतच नाही. फोन दोन्ही पकडतो, म्हणून फोनवर सगळं ठीक दिसतं. २.४चा वेग कमी, पण तो भिंतींपलीकडे जास्त लांब पोचतो. मुलाने ते चालू केलं, टीव्हीत पासवर्ड टाकला, झालं. पैसे विचारले तर नको म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन रडले.

वायफाय जोडलं जाऊनही इंटरनेट नाही असं दिसलं तर टीव्हीतली तारीख आणि वेळ तपासा, ती चुकीची असली की ॲप उघडत नाहीत. राउटर जवळ असेल तर सरळ लॅनची केबल टीव्हीला लावा. टीव्हीवर एखादं ॲप उघडताना कोड येतो आणि तो फोनवर टाकायला सांगतात, त्या कोडचेही पैसे नसतात. वर्गणी असलीच तर त्या ॲपची असते. टीव्ही "ॲक्टिव्हेट" करायचे पैसे कुठलीच कंपनी मागत नाही. कस्टमर केअरचा नंबर खोक्यावर, वॉरंटी कार्डावर असतो, आणि बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये "सपोर्ट" खाली असतो. तिथलाच घ्या. खोकं रद्दीवाल्याला देण्याआधी तेवढा भाग कापून ठेवा. डेबिट कार्डाची ऑनलाइन मर्यादा आजच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खाली आणा. माझी एक लाख होती, ती कुणी ठेवली ते मला माहीत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो की वाहतुकीचं चलान म्हणून, उघडू नका. उघडली असेल तर नुसतं ॲप काढून भागत नाही, फोन फॅक्टरी रीसेट करावा लागतो.

मागच्या आठवड्यात मी तोच नंबर पुन्हा शोधला. आता तो वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरच्या नावाने लागलेला आहे. नंबर तोच, कंपनी वेगळी. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर चक्षू नावाची संशयास्पद फोन कळवायची सोय आहे, तिथे तक्रार टाकली, ठाण्यातही अर्ज दिला. पुण्यात आणखी कुणाचे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या नावाने असे पैसे गेले असतील आणि १९३०चा पोचक्रमांक हातात असेल, तर मला कळवा. एकेकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, म्हणून मला सगळ्यांचे मिळून एकत्र निवेदन द्यायचं आहे, आणि त्यासाठी प्रत्येकाची रक्कम, तारीख आणि बँकेचं लेखी उत्तर लागेल.