स्वच्छता निरीक्षक की आरोग्य सेवक?

सोलापूरच्या पोरांनो, महापालिका-नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक व्हायचं तर त्या विषयाची पदविका लागते. बारावीनंतर साधारण वर्षभराची. काही जाहिरातींत पदवीही मागतात. फी भरण्याआधी पदविकेची मान्यता तपासाच. आईबापाचा पैसा कष्टाचा असतो.

जिल्हा परिषदेचं आरोग्य सेवक पद वेगळं. २०२३ च्या भरतीत विज्ञान घेऊन दहावी पुरेशी होती. बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याचा १२ महिन्यांचा पाठ्यक्रम नियुक्तीनंतरही करता येत होता. मुलींना आरोग्य सेविका पदासाठी मात्र एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसूतिसेविकेचा अभ्यासक्रम, हवाच.

निरीक्षकाकडे कचरा, गटारं. सेवकाकडे ताप सर्वेक्षण, डास, पाणी. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात, तेव्हा पाण्यातला क्लोरीन तपासणं किती मोलाचं! घरी ओढाताण असेल तर मी आरोग्य सेवकच सुचवेन.