क्रीम की बिस्किट? हॉलचा रंग ठरवण्याआधी

शेडकार्डवर दोन्ही शेजारी-शेजारी छानच दिसतात. खरा फरक कळतो तो भिंतीवर, संध्याकाळी दिवे लागल्यावर.

क्रीम उजेड जास्त परत टाकतं. डक्टकडे (इमारतीतल्या अरुंद, अंधाऱ्या मोकळ्या जागेकडे) उघडणारी एकच खिडकी असेल तर बिस्किट मलूल दिसतं. तिथे क्रीमच घ्यावं. क्रीमवर टचअपही खपून जातो. बिस्किटवर ब्रशने मारलेला ठिपका लांबून ओळखू येतो, म्हणून डाग पडला की रोलरने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवून काढावी लागते. त्यासाठी लिटरभर रंग जपून ठेवलेला बरा.

तरीही माझ्या हॉलला बिस्किट आहे, आणि त्याचं कारण क्रीमचा पिवळटपणा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी असतात. त्या निळसर उजेडात क्रीममधला पिवळा हिरवट झाक मारतो. शेजारी पांढरीशुभ्र स्विचप्लेट, वर पांढरं सिलिंग असलं की भिंत क्रीम वाटतच नाही, जुना पांढरा रंग पिवळा पडलाय असं वाटतं. त्यात समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे छोट्या खोलीत शेड कार्डापेक्षा गडद होते. ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावले तर हिरवट झाक जाते, पण मग भिंत लोण्यासारखी पिवळी दिसते.

बिस्किटमध्ये पिवळ्यासोबत थोडा काळा आणि तांबडा टिंटर (दुकानात मिसळतात तो घट्ट रंग) असतो. त्यामुळे पिवळा दबून राहतो आणि दिवे बदलले तरी रंग फारसा हलत नाही. फक्त तांबडा जास्त असलेली शेड टाळा: पिवळ्या दिव्यात ती गुलाबी दिसते, आणि आयव्हरी टाइल्स असतील तर जास्तच. कार्डाखाली पांढरा कागद धरला की ही गुलाबी झाक लगेच दिसते. शेड जड वाटली तर दुकानात तीच शेड निम्मा टिंटर घालून मागा.

नमुना जुन्या रंगीत भिंतीवर मारू नका, खालचा रंग डोळ्याला फसवतो. दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग तो तुकडा स्कर्टिंगला टेकवून उभा ठेवा. एकदा खिडकीजवळ, एकदा आतल्या भिंतीला, दिवसा आणि रात्रीही पाहा.

१० बाय १२ च्या खोलीला, छत सोडून, दोन हातांना साधारण साडेतीन लिटर इमल्शन लागतं. दुकानातल्या मशीनवर शेड मिसळून घेतलेले दोन डबे असतील तर आधी एका बादलीत एकत्र करून घ्या. डब्या-डब्यातला किंचित फरक बिस्किटवर भिंतीच्या मधोमध उघडा पडतो.