बोट टोचायचं की सेन्सर लावायचा?

घरी साखर तपासायची म्हटलं की ग्लुकोमीटर घ्यावा की दंडावर चिकटणारा सेन्सर, हा प्रश्न येतोच. यंत्रांची तुलना करण्याआधी स्वतःला विचारा: आकडा कळल्यावर मी काय बदलणार आहे?

इन्सुलिन घेणाऱ्यांकडे उत्तर तयार असतं. डोस किती घ्यायचा, आत्ता खायचं का, गाडी चालवायची का, सगळं त्या आकड्यावर. त्यांच्यासाठी माझा कौल सेन्सरला. तो दर काही मिनिटांनी साखर मोजतो आणि ती चढतेय की उतरतेय हे बाणाने दाखवतो. बोट टोचून 110 आले तर माणूस निर्धास्त होतो. तेच 110 खाली वळलेल्या बाणासोबत दिसले, तर वेळेत काहीतरी खाऊन घेतो. रात्री साखर 70 च्या खाली घसरली की अलार्म वाजतो. मधुमेही मुलांचे आईवडील ‘आता झोप लागते’ म्हणतात ते यामुळेच. काहींना मात्र तोच अलार्म नकोसा होतो, आणि दंडाकडे बघून लोकांनी केलेल्या चौकशाही. शिवाय त्या कुशीवर झोपून सेन्सर दाबला गेला, तर साखर उगाच कमी दिसते. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना काही मिनिटं मागे राहतो. अंगाला घाम फुटलाय आणि आकडा नॉर्मल दिसतोय, अशा वेळी बोटच टोचावं लागतं. म्हणून सेन्सर असला तरी ग्लुकोमीटर घरात हवाच.

टाइप 2 मधुमेह आहे आणि इन्सुलिन नाही, तर गोष्ट वेगळी. 2017 साली अमेरिकेत अशा 450 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज तपासणाऱ्यांच्या आणि न तपासणाऱ्यांच्या एचबीएवनसीमध्ये, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्तचाचणीत, वर्षाअखेरीस लक्षणीय फरक नव्हता. मला याचं नवल वाटत नाही. आकडा वाढला की अपराधी वाटतं, वही नेली तरी डॉक्टर ती उघडत नाहीत, असं कितीतरी रुग्ण सांगतात. नुसत्या नोंदीने साखर कशी उतरेल?

इथे ग्लुकोमीटर पुरे, पण जोडीने वापरा: जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. काही दिवस एकाच जेवणाच्या अशा जोड्या घेतल्या की कोणत्या पदार्थाने साखर उडी मारते ते तुमचं तुम्हालाच दिसतं. साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर थरथर किंवा घाम जाणवताच लगेच तपासा.

टोचताना बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं. आधी हात धुऊन कोरडे करा. फळ सोललेल्या हातांनी तपासलं तर आकडा खोटाच चढतो.